तेवीस पट्ट्या

“इथून बहारीन किती लांब?”

ओगातासानांनी दुबईत उतरल्यावर विचारलेला हा पहिला प्रश्न. चहा अजून कपात ओतायचा होता. एकाहत्तर वर्षांचा तो जपानी म्हातारा, अंगात जुनाच पण कडक इस्त्रीचा कोट, आमच्या ऑफिसातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. शेजारी त्याची मुलगी चिहारू. त्याचं बोलणं ती आम्हाला इंग्रजीत सांगायची आणि आमचं त्याला जपानीत.

“विमानाने तास-सव्वा तास,” इसाकचाचा म्हणाले. “का हो?”

म्हातारा दोनच वाक्यं बोलला.

“बाबांना उद्या तिथे जायचंय,” चिहारू म्हणाली. “काम काही नाही. नुसतं जाऊन उभं राहायचंय.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपलं ‘मला काय माहीत’ असं तोंड केलं. या लोकांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं. या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण ते तोंड आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

मी फरीदा जुवळे, दाभोळची. नवरा वारला तेव्हा चौतिशीत होते. आठ वर्षांची मुलगी सुमैय्या माझ्या आईकडे ठेवून दुबईला इसाक सोलकरांकडे कागदपत्रं बघायला आले. चाचा हर्णैचे. आधी कोळंबीच्या धंद्यात होते, मग मोठ्याच्या, म्हणजे गुरांच्या, मांसात आले, आणि मोठ्याच्यात सगळ्यात महाग ते त्यांनी धरलं, जपानचं वाग्यू. तिथल्या एका कत्तलखान्यात आपल्या माणसाकडून हलाल करून घ्यायचं, न गोठवता नुसतं थंड ठेवून विमानाने आणायचं, आणि मस्कत, कुवेत, बहारीन, मालदीवच्या घाऊक व्यापाऱ्यांना द्यायचं. मांसात चरबीची अशी जाळी की बोट टेकवलं तर बोटाच्या उबेनेच ती विरघळायला लागते. चाचा एकदा बोट टेकवून सांगायचे, हे मस्कतचं, हे मालदीवचं. त्यात ते कधी चुकले नाहीत. चुकायचं काम माझ्याकडे होतं.

ओगातासानांचा माल आम्ही आदल्या वर्षी चाचणी म्हणून आणला होता. तेवीस जनावरं. तसाच माल त्यांनी दुसऱ्याही एका कंपनीला दिला होता. त्यांची काचेची इमारत आणि चाळीस गाड्या, आमच्या तीन. आता ओगातासानांच्या खोऱ्यातल्या बारा गोठ्यांचा माल आखाती देशांत कुणी एकानेच विकायचा, आणि ते कोण हे ठरवायला म्हातारा स्वतः आला होता. चाचांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “हा काम आपल्याला मिळाला ना बाय, तर तू मॅनेजर. पोरीला घेऊन ये इकडे.” मॅनेजरच्या पगारावर मुलीचा व्हिसा निघत होता. त्याच दिवशी सकाळी सुमैय्याने फोनवर विचारलं होतं, तुझ्या बिल्डिंगखाली झोपाळा आहे का. मी आहे म्हणून सांगून बसले होते. नव्हता.

चहा झाल्यावर आम्ही कोल्डस्टोरेजमध्ये गेलो. शून्यावर काटा. मी स्वेटरवर स्वेटर घालून कुडकुडतेय आणि म्हातारा कोटाची बटणं उघडी ठेवून खोक्यांवरून हात फिरवत चाललाय. प्रत्येक खोक्यावर त्या जनावराचा दहा आकडी नंबर असतो. या भेटीसाठी नुकत्याच मागवलेल्या त्याच्या मालाच्या एका खोक्यापाशी तो थांबला, नंबर वाचला आणि काहीतरी पुटपुटला.

“हिचं नाव सांगतायत,” चिहारू म्हणाली. “त्सुबाकी. एका फुलाचं नाव आहे.”

मग त्याने चाचांना विचारलं, “सुरी लावायच्या आधी तुमचा माणूस काहीतरी म्हणतो. मी पाहिलंय. काय म्हणतो तो?”

“अल्लाचा नाव घेतो,” चाचा म्हणाले. “जीव घ्यायचा हक्क आपला नाय. ज्याने दिला त्याचा. त्याचा नाव घेतल्याशिवाय सुरी लावायची नाय.”

चिहारूने सांगितलं. म्हाताऱ्याने पुन्हा त्या खोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “आम्ही नंतर घेतो. तिचं.”

चाचांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली. मला काही कळलं नाही, आणि थंडी वाजत होती.

जेवायला चाचींनी घरून तांदळाची वाफवलेली सांदणं पाठवली होती, सोबत कोंबडीचा रस्सा. म्हातारा चॉपस्टिक मागेल म्हणून मी आणून ठेवल्या होत्या. त्याने चाचांच्या हाताकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि सरळ हाताने जेवला. सांदण तीनदा मागून घेतलं. चाचा इतके खूश झाले की काम मिळालंच असं धरून चालले.

हात धुऊन आल्यावर ओगातासानांनी पिशवीतून निळ्या कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर वाकले.

“हे आईने दिलंय,” चिहारू म्हणाली. “पट्ट्या लिहिणाऱ्या बाईंसाठी.”

आत एक पेन होतं. लाकडी, बोटभर जाड, हाताने घासून गुळगुळीत केलेलं.

आता त्या पट्ट्यांचं सांगते. प्रत्येक जनावराबरोबर जपानहून एक कागद येतो. त्यावर नंबर, जन्मतारीख, आईबाप, जनावराचं नाव, आणि मधोमध काळ्या शाईत त्याच्या नाकाचा ठसा. माणसाचा जसा अंगठा तसं गुराचं नाक, एकाचं दुसऱ्यासारखं नसतं. ओगातासानांच्या कागदाला खाली आणखी एक पट्टी असायची. त्यावर नाव, नंबर आणि एक रिकामी चौकट, कुठे गेली ते लिहायची. पट्टी फाडून जपानला परत पाठवायची. ती ना कुठल्या कायद्याने मागितली होती, ना कस्टमवाल्यांनी. बाकी कुठलाच गोठेवाला मागत नव्हता.

मी ती वर्षभर साठू दिली. ईदला दाभोळला जायच्या आदल्या दिवशी चाचांनी विचारलं, पट्ट्या पाठवल्यास का. मग बसले एकदाची. कोणतं जनावर कुठे गेलं ते रजिस्टरमध्ये होतं, पण रजिस्टर कोण काढणार. आमचं मोठं गिऱ्हाईक बहारीनचा जासिम. मी पहिल्या पट्टीवर बहारीन लिहिलं, दुसरीवर बहारीन लिहिलं, आणि दहा मिनिटांत तेवीसच्या तेवीस संपवून पोस्टात टाकल्या. चोरी केली असं वाटलंसुद्धा नाही. कुणाला काय फरक पडतो, एवढंच वाटलं.

“दुसऱ्या कंपनीने एकही पट्टी परत पाठवली नाही,” चिहारू सांगत होती. “तुमच्या सगळ्या आल्या. बाबा त्यामुळे आधी तुमच्याकडे आले.”

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या पोटची लेक. माझ्या हातात ते पेन तसंच.

म्हातारा बोलत होता, मुलगी सांगत होती. त्यांच्याकडे कत्तलखान्याच्या आवारात एक दगड उभा केलेला असतो, गेलेल्या जनावरांसाठी. वर्षातून एकदा, पानगळीच्या दिवसांत, तिथे फुलं वाहतात आणि सगळे हात जोडतात. ओगातासान आणि त्यांची बायको फुमिए तिथे जाऊन आपल्या प्रत्येक जनावराचं नाव वाचतात. नावं फुमिएबाईंनी ठेवलेली. वासरं त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली.

“आई दर वर्षी विचारायची, कुठे गेली,” चिहारू म्हणाली. “बाबांना सांगता यायचं नाही. ट्रकमध्ये चढली, एवढंच त्यांना माहीत. या वेळी पहिल्यांदा सांगता आलं. तेवीस नावं वाचली, आणि प्रत्येक नावापुढे बहारीन. आईने घरी येऊन नकाशा काढला. केवढंसं बेट, म्हणाली. पण बरं झालं, सगळ्या एकाच ठिकाणी गेल्या. एकटी कुणी पडली नाही.”

चाचांनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला.

“आईचे गुडघे गेलेत, तिला येता येत नाही. म्हणून बाबांना उद्या बहारीनला जाऊन उभं राहायचंय. तिच्या वाटचं.”

मी हात धुवायचं निमित्त करून उठले. हात धुतलेलेच होते. नळ सोडून उभी राहिले. कुणालाही कळणार नव्हतं. म्हातारा बहारीनला जाईल, हात जोडेल, समाधानाने परत येईल, सही करेल. बायको समाधानी, चाचा समाधानी, आणि माझी पोर जूनमध्ये इथल्या शाळेत. गप्प बसल्याने कुणाचं काय वाईट होणार होतं? सगळ्यांचं चांगलंच होणार होतं. मी स्वतःला हे इतकं नीट पटवलं की पटलंसुद्धा. नळ बंद करून बाहेर आले.

म्हातारा ते निळं कापड मांडीवर घेऊन घडी घालत होता. कोपऱ्याला कोपरा लावून, हाताने दाबून, पुन्हा कोपऱ्याला कोपरा. बायकोला परत न्यायचं असणार.

“चिहारूसान,” मी म्हणाले, “त्या सगळ्या बहारीनला गेल्या नाहीत.”

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. रजिस्टर न बघता लिहिलं, कंटाळा आला म्हणून लिहिलं, एका बैठकीत लिहिलं. एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं, ईदचं, पोस्टाचं, दहा मिनिटांचं. बापाकडे वळायच्या आधी तिने मला विचारलं, “हे मी सांगू त्यांना?”

“सांगा.”

ती सांगत असताना मी चाचांकडे बघितलं नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तेवढा. चाचा उठून उभे राहिले होते.

“त्यांना सांग,” ते चिहारूला त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “ही माझ्याकडे काम करते. हिचा हात म्हणजे माझा हात. चूक सोलकरांची आहे.”

मग माझ्याकडे वळून आपल्या बोलीत, हळू आवाजात, “आता रडत बसू नको. आधी त्याचा ऐक.”

म्हाताऱ्याने कापड खिशात ठेवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने का केलंस म्हणून विचारलं नाही. इतकंच विचारलं, “मग त्या कुठे आहेत?”

“शोधता येईल,” मी म्हणाले. “रजिस्टर खरं आहे.”

दुपारी दोनला बसलो आम्ही, ऑफिसच्या जमिनीवर, सतरंजी टाकून. तेवीस कागद पसरले. चिहारू नंबर वाचायची, मी रजिस्टरमध्ये शोधायची, चाचा पानं धरायचे. आणि ओगातासान? त्यांनी नंबराकडे बघितलंच नाही. नाकाचा ठसा बघायचे आणि नाव सांगायचे. ही मोमिजी, हिच्या नाकावर डावीकडे नदीसारखी रेघ आहे. ही साचि, लहानपणी हगवण लागली होती, फुमिए चार रात्री गोठ्यात झोपली होती. एकदा मी मुद्दाम पडताळून पाहिलं. चुकीचं सांगतील असं मला वाटलं होतं. एकही चुकलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण त्या दुपारी त्या म्हाताऱ्यासमोर बसून मला पहिल्यांदा कळलं की एखाद्याला आपलं काम येणं म्हणजे काय.

“किकु,” त्यांनी एक कागद उचलला.

मी पानं उलटली. “किकु निम्मी मस्कतला गेली. आणि निम्मी मालदीवला.”

चिहारूला हे सांगायला जड गेलं. म्हाताऱ्याने ऐकलं आणि गालातल्या गालात हसला. “ती कुंपण ओलांडायचीच,” म्हणाला.

चाचांची असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली, पुन्हा येऊन बसले. सूर्य मावळायच्या, मगरिबच्या आधी तेविसावा कागद संपला. सहा बहारीनला गेल्या होत्या. बाकीच्या मस्कत, कुवेत, मालदीव. ओगातासानांनी आपली वही काढली, प्रत्येक नावापुढचं बहारीन खोडलं आणि नवीन गाव लिहिलं. मग जपानमध्ये रात्रीचे अकरा वाजत आले होते तरी घरी फोन लावला.

पलीकडून बाईचा आवाज आला. म्हातारा एकेक नाव आणि गाव वाचत गेला. तिकडून नुसतं हूं, हूं. मी सतरंजीचे धागे उपटत बसले होते. शेवटी ती काहीतरी बोलली आणि चिहारू एकदम हसली, डोळ्यांत पाणी असताना.

“आई म्हणते, मग मोठा नकाशा घ्यावा लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही बहारीनला गेलो. ओगातासान म्हणाले होते, सहा जणी तरी तिथे आहेत ना, मग जाऊ. जासिमच्या गोदामाच्या आवारात, गाड्या उभ्या करतात तिथे, ते उन्हात उभे राहिले. वही उघडली आणि सहा नावं वाचली. हात जोडले. जासिम कॉफीची किटली हातात धरून बघत राहिला, त्याला काही उमगेना. चाचा खिशातली टोपी डोक्यावर चढवून म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत. नुसते उभे राहिले, म्हाताऱ्याचं होईपर्यंत. मग म्हणाले, “आमचा आधी, तुमचा नंतर. मधे बिचारी जनावरा.” चिहारूने ते सांगितलं तेव्हा ओगातासान चाचांपुढे इतके खाली वाकले की चाचा गोंधळून स्वतःच वाकायला लागले.

परतीच्या विमानाची वाट बघताना म्हाताऱ्याने करारनामा काढला आणि कोटाच्या आतल्या खिशातून आपला शिक्का. मला राहवलं नाही.

“हे सगळं कळल्यावरही आम्हालाच देताय?”

“त्या दुसऱ्या कंपनीने काय केलं असतं ते मला माहीत नाही,” चिहारूने त्यांचं सांगितलं. “तुम्ही काय केलंत ते मला माहीत आहे.”

त्यांनी शिक्का उमटवला. चाचांनी सही करता करता अट घातली, ती त्यांना नव्हे, मला. “पट्टी तूच लिहायची. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाय.”

जूनमध्ये सुमैय्या आली. आल्या आल्या खिडकीतून खाली बघून म्हणाली, अम्मी, झोपाळा कुठाय. तिलाही खरं सांगून टाकलं. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.

आणि मी पट्ट्या लिहीत राहिले. माल गेला त्याच दिवशी, रजिस्टर समोर ठेवून, त्या लाकडी पेनाने. मस्कत. कुवेत. माले. पट्ट्या वेळेवर गेल्या आणि एकही खोटी गेली नाही, हे मी कुणाच्याही समोर सांगू शकते.

अडीच-तीन वर्षं गेली असतील. चाचा धंदा माझ्यावर टाकून हर्णैला राहायला गेले होते. एका मंगळवारी ओगातासानांचा माल आला, कागद आले, मी ते बघत गेले. त्यातल्या एका कागदाला चिहारूची इंग्रजीत चिठ्ठी टाचलेली. बाबा तुमच्याकडे येऊन गेले त्यानंतर जन्मलेली ही पहिली कालवड. नाव आईने ठेवलंय. ही दूध प्यायला तयार नसायची, सगळ्यांना अर्धा तास ताटकळत ठेवायची, आणि मग एकटी सगळं संपवायची. नाव, फरीदा.

मी तशीच चाचांना फोन लावला. चांगलीच तापले होते. “माझं नाव दिलंय म्हातारीने. कापायच्या जनावराला.”

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मागून चाची पाणी आणतायत तेसुद्धा मला ऐकू आलं. “म्हातारीने तुला न बघता बरोबर ओळखलान,” म्हणाले. मग थोडं थांबून, “बाय, जी लाडकी असते, तिलाच नाव चांगला देतात. समजलीस?”

फोन ठेवला. कागद समोर होता. मधोमध तिचं नाक, काळ्या शाईत, वर दोन वळणं आणि खाली बारीक बारीक जाळी. मी ते किती वेळ बघत बसले मला ठाऊक नाही. त्या तेवीस नाकांतलं एकही मी असं बघितलं नव्हतं.

ती ऑर्डर जासिमची होती. विमानात माल चढवायला नेहमी ड्रायव्हर जायचा, पुढचं जासिमची माणसं बघायची. या वेळी मी माझं तिकीट काढलं. सुमैय्या आता बारा वर्षांची, दारात उभी राहून म्हणाली, “तू कशाला जातेस? खोकी आपोआप जातात ना?”

“जातात,” मी म्हणाले. “पण ही माझ्या नावाची आहे.”

जासिमच्या आवारात, गाड्या उभ्या करतात तिथे, ओगातासान उभे राहिले होते त्याच जागी मी उभी राहिले. डोक्यावर ओढणी घेतली. स्वतःचं नाव स्वतःच मोठ्याने घेताना फार विचित्र वाटलं, पण घेतलं. मग तिथेच खोक्यावर कागद ठेवून पट्टी काढली आणि लाकडी पेनाने चौकटीत लिहिलं, बहारीन. चौकट भरली होती, म्हणून उरलेलं तिच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं.

एकटी नव्हती. सोबत मी गेले होते.